डब्यातल्या चावीने उघडलेलं दार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर, वाचक म्हणून कमी आणि उपसंपादक म्हणून जास्त. अमरावतीच्या एका दैनिकात डेस्कवर माझी एकोणीस वर्षं झाली. तालुक्याहून 'चिंचेखाली पांढरी आकृती' छापाची बातमी आली की मी बातमीदाराला तीनच प्रश्न विचारायचे – कोणी पाहिलं, किती वाजता, आणि तुम्ही स्वतः तिथे होतात का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक बातम्या पडायच्या. पडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

या वेळी तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. अडचण नेमकी तीच आहे.

आधी चावीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. दिवाळीच्या आसपास मी गाडी घेतली. या मॉडेलला रिमोटची चावी एकच मिळते, आणि दुसरी चावी म्हणजे तुमचा फोन. ॲप टाकायचं, गाडीला जोडायचं. फोन पर्समध्ये असला तरी गाडीजवळ गेलं की दार उघडतं, आणि दहा-बारा पावलं लांब गेलं की 'टिक' असा आवाज करून आपोआप बंद होतं. कोणी, कशाने, किती वाजता उघडलं याची नोंद ॲपमध्ये राहते – 'फोन' किंवा 'चावी'. शोरूममधल्या मुलीने विचारलं होतं, "मॅडम, रोज काय वापरणार?" मी म्हटलं, फोन. हातात सतत असतोच, मग आणखी एक वस्तू कशाला सांभाळायची?

आईबाबा अकोल्याला, जठारपेठेत राहतात. मी अमरावतीत राजापेठेत. गाडी दाखवायला अकोल्याला नेली तेव्हा बाबांनी रीतसर पूजा केली. चाकाखाली लिंबू, बोनेटवर स्वस्तिक. मग चावी मागून घेतली, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा तिच्या बटणांवर लावला आणि ती देवघरात ठेवली. संध्याकाळी मी फोनच्या जोरावर परत निघाले. चावीची आठवणही झाली नाही. राजापेठेत पोचते तोच बाबांचा फोन.

"रेखे, चावी अठीच राह्यली."

"राहू द्या बाबा. गाडी फोनवर चालते."

"फोनवर बोलतेत. गाडी चावीनं चालते."

हा वाद पुढे पाच-सहा महिने चालला. बाबांचं चाळीस वर्षं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी त्यांनी आयुष्यभर उघडल्या आणि भरल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं – "फोन मंजे दहा कामाचा मानूस. चावीले एकच काम. ज्याले एकच काम असते, थो इसरत नाई." मी म्हणायचे, चावी हरवली तर कळतसुद्धा नाही, फोन हरवला तर पाच मिनिटांत कळतं. प्रत्येक खेपेला ते चावी पुढे करायचे आणि प्रत्येक खेपेला मी ती परत ठेवायचे. आता कबूल करायला हरकत नाही, शेवटी शेवटी त्यात सोय कमी आणि हट्ट जास्त होता. होळीनंतर त्यांनीही नाद सोडला.

"ठीक आहे. सेल काढून ठेवला मंग म्या. पडल्या पडल्या पानी सुटते सेलाले."

ही त्यांची जुनी सवय. रोज वापरात नसलेल्या कुठल्याही वस्तूत ते सेल राहू देत नाहीत. टॉर्च, जुना रेडिओ, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ... सगळ्यांचे सेल कागदात गुंडाळून, त्यावर तारीख घालून वेगळे. चावीचा चपटा सेलही तसाच कागदात गेला आणि चावी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, देवघराखालच्या फळीवर.

आता आईबद्दल. मागच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली – एक 'हो' तेवढा उरला. पाणी हवं का, हो. दुखतं का, हो. नको असेल तरी हो, फक्त मान वेगळी हलते. फिजिओथेरपीसाठी मी तिला महिन्यातले तीन आठवडे अमरावतीला ठेवून घेते आणि एक आठवडा अकोल्याला पोचवते. फेब्रुवारीत अशाच एका फेरीत, बडनेऱ्याजवळ, तिने चालत्या गाडीत डाव्या हाताने दाराचा दांडा ओढला होता. दार इंचभर उघडलं. त्या दिवसापासून मागच्या दारांना मी चाइल्ड लॉक लावलं. म्हणजे ती दारं आतून उघडत नाहीत, बाहेरूनच उघडतात.

घरातलं एक जुनं भांडणही इथेच सांगून ठेवते. आई धडधाकट होती तेव्हा उन्हाळाभर दुपारी गल्लीतल्या बायकांकडे पापड, कुरडया करायला जायची. बाबा इकडे बैठकीत कूलर लावून, दाराला आतून कडी घालून झोपायचे. ती दीड-दोनला परत यायची तेव्हा अंगणात सावली नसायची. मग तीन थापा, थांबून पुन्हा तीन थापा, आणि हाक – "अवो, दार उघडा ना, केवढं ऊन हाये!" गल्लीला ती हाक पाठ होती. बाबा उघडायचे ते दहाएक मिनिटांनी. सबब ठरलेली, "कूलरच्या आवाजात आयकू येत नाई वं." आई म्हणायची, एक दिवस मी या उंबऱ्यातच वाळून जाईन, मग येईल आयकू. तीस-पस्तीस वर्षं हे भांडण चाललं. झटका आल्यावर ते आपोआप संपलं.

आता मे महिन्यातला तो गुरुवार.

सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. थेरपिस्ट उशिरा आल्या आणि आम्ही राजापेठेतून निघालो बारा वीसला. संध्याकाळी पाचला माझी ड्यूटी होती, म्हणून आईला सोडून लगेच परतायचं होतं. पारा पंचेचाळीसच्या आसपास. आई मागे डाव्या बाजूला, पट्टा लावून, उजव्या बाजूला उशीचा टेकू. माझा फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडमध्ये, चार्जिंगला लावलेला, काचेतून येणाऱ्या थेट उन्हात. दर एप्रिलमध्ये 'फोन उन्हात ठेवू नका' अशी चौकट मी स्वतः पानावर लावते, हे इथे नोंदवायला हवं.

मूर्तिजापूर मागे टाकून सात-आठ किलोमीटर झाल्यावर आईने मागून "हो, हो" सुरू केलं. तिला पाणी हवं होतं. बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं, सगळं पाणी पिशवीत सांडलेलं. पुढे डाव्या हाताला टरबुजांचा एक ढीग दिसला. चार बांबूंवर हिरवी जाळी, खाली एक नवरा-बायको आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. गाडी मी त्यांच्या अलीकडे, बाभळीपाशी थांबवली. म्हटलं सावली मिळेल. मेमधल्या बाभळीला कसली सावली!

इंजिन बंद केलं. दोन मिनिटांचं काम म्हणून. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात फोन. फोन इतका तापला होता की मी तो ओढणीत धरला. दहा-बारा पावलं गेले तेव्हा मागे 'टिक' वाजलं. रोजचाच आवाज. मी वळूनही पाहिलं नाही.

बाटली भरून वळले, चालत आले, दाराच्या दांड्याला हात लावला. दार उघडलं नाही.

फोन बंद पडला होता. पडद्यावर क्षणभर तापमानाचं चिन्ह आलं आणि तेही गेलं. बटण दाबून धरलं, पुन्हा धरलं... काही नाही. चावी चाळीसेक किलोमीटरवर, पत्र्याच्या डब्यात. तिचा सेल वेगळ्या कागदात. आई काचेपलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर.

बंद गाडीत गुदमरून गेलेल्या माणसांच्या बातम्या मी लावल्या आहेत. एक कॉलम, कधी दोन. त्यांत किती वेळात काय होतं ते लिहिलेलं असतं, आणि ते मला पाठ होतं. मनगटावरच्या घड्याळात एक तेहेतीस झाले होते.

मी ओरडले असेन, कारण टरबूजवाला धावत आला. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. नाव देवराव, हे नंतर कळलं.

"काय झालं बाई?"

"आई आहे आत. दार उघडत नाही. चावी नाही."

"चावी नाई? मंग आनली कशी गाडी?"

"फोनवर चालते."

त्याने माझ्या हातातल्या काळ्या पडलेल्या फोनकडे पाहिलं. त्याची बायको कमलबाई पुढे आली. "द्या थो अकडे," म्हणाली आणि फोन हिसकावून माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला लावून बसली. तापलेलं पोर मांडीवर घ्यावं तशी.

देवरावने अर्धी वीट आणली. आईचं डोकं मागच्या डाव्या काचेजवळ होतं, म्हणून मी त्याला पुढची, ड्रायव्हरकडची काच दाखवली. त्याने मारली. वीट उसळून परत आली आणि तिचाच कोपरा उडाला. दुसऱ्यांदा मारली. काचेवर पांढरा ओरखडा. गाड्यांच्या काचा सहज फुटतात असं मला वाटायचं.

"फोन आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

त्याच्याकडे साधा बटणांचा फोन होता. उन्हात दिवसभर खिशात असूनही चालू. गाडीच्या पुढच्या काचेवर मदतीचा नंबर चिकटवलेला असतो, तो लावला. पलीकडे एक शांत, गोड आवाजाची मुलगी. मी गाडीचा नंबर सांगितला, आत पेशंट आहे सांगितलं, तुमच्याकडून दार उघडा म्हटलं.

"जी मॅडम, बिलकुल. आपके रजिस्टर्ड नंबर पर ओटीपी भेजा है, वो बता दीजिए."

"तो फोन बंद आहे. बंद हो गया है. इसीलिए तो—"

"मॅडम, बिना ओटीपी के हम गाडी अनलॉक नहीं कर सकते. आपकी सुरक्षा के लिए है."

मी तिच्याशी किती वेळ बोलले ते आठवत नाही. शेवटी ती म्हणाली, सीनियरला विचारते, लाइनवर राहा. मग सतारीचं संगीत वाजायला लागलं. फोन मी कानाला तसाच धरून आईच्या काचेपाशी गेले.

इथून पुढचं मी जसं पाहिलं तसं लिहिते.

आईचा चेहरा लाल झाला होता. केस कपाळाला चिकटलेले. मी काचेवर हात ठेवला, "आई, आई" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर पाहत होती, पुढच्या सीटच्या पाठीकडे, मान थोडी वर करून. डाव्या हाताच्या पालथ्या बोटांनी ती काच वाजवत होती. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. मला वाटलं, मला बोलावते आहे. मी अगदी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. नजर हलली नाही. ओठ हलत होते. 'हो'साठी हलतात त्याहून बरेच जास्त हलत होते. काय म्हणत होती, काचेतून ऐकू आलं नाही.

"सरका बाई," देवराव मागून म्हणाला. टरबूज कापायचा कोयता त्याने आणला होता. त्याच्या पाठीने, लोखंडाच्या जाड बाजूने, काच फोडणार होता. त्याने हात डोक्यावर नेला.

टिक-टिक.

दोन्ही इंडिकेटर दोनदा लुकलुकले. चारही दारांचे लॉक उघडल्याचा आवाज आला – जो मी रोज ऐकते तोच. देवरावचा हात वरच राहिला.

मी मागचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. पट्टा सोडला, दोघांनी आईला उचलून जाळीखाली आणलं. कमलबाईने माठातलं पाणी तिच्या मानेवर, पायांवर ओतलं. फोन अजून माठापाशी फडक्यात होता – मी फडकं उघडून पाहिलं. बंदच. देवरावचा फोन माझ्या दुसऱ्या हातात, त्यात सतार चालू. घड्याळात एक बेचाळीस.

"झाला ना चालू फोन?" देवरावने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग उघडलं कोनं?"

आई डाव्या हाताने टरबुजाचा तुकडा तोंडाकडे नेत होती.

तिथून निघायला वीस मिनिटं लागली. फोन दोनच्या आसपास चालू झाला, त्यामुळे गाडीही. अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तिथे पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. त्यांनी सलाइन लावली, बीपी पाहिलं, "वेळेवर बाहेर काढलंत," एवढंच म्हणाले. "आणखी दहा मिनिटं..." असं सुरू केलेलं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

आईला डोळा लागला. बाकावर बसून मी ॲप उघडलं. त्या वेळच्या नोंदी दोन होत्या.

१:३१ – बंद – फोन.
१:४२ – उघडलं – चावी.

दुसरी ओळ मी तीन-चारदा वाचली. मग नर्सला सांगून घराकडे चालत गेले. दोन मिनिटांचं अंतर. चालता चालता एवढं ठरवलं की बाबांना आधी काहीच सांगायचं नाही. साक्षीदाराच्या तोंडात आपलं वाक्य जाऊ द्यायचं नाही, हे नव्या बातमीदारांना मीच शिकवते. आई दवाखान्यात आहे हे बाबांपासून पाच मिनिटं लपवलं. त्याची टोचणी अजून आहे.

दार सताड उघडं होतं. बैठकीत कूलर धडधडत होता. बाबा खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसलेले. या वेळी ते झोपलेले असतात.

"बाबा, गाडीची चावी कुठी हाये?"

"डब्यात. काहून?"

"आज हात लावला होता?"

"म्या कायले हात लावू? पाय तू." ते उठले, फळीवरचा डबा काढून दिला.

चावी आत होती. बाजूला कागदाची पुडी, वर बाबांच्या अक्षरात होळीच्या सुमाराची तारीख, आत चपटा सेल. चावी मी उजेडात नेली. पूजेच्या दिवशी लावलेलं ओलं कुंकू बटणांवर वाळून त्याची पातळ पापडी झाली होती. बटणाच्या कडेवरून ती सलग पलीकडे गेली होती. बटण एकदा जरी दाबलं असतं तरी तिला तडा गेला असता. एकही नव्हता. मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

"दुपारी काय करत होते तुमी? दीड-दोनच्या सुमाराले?"

बाबा परत खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तू हासशील."

"नाही हसत. सांगा."

"झोपलो होतो. दार वाजलं."

"कडी वाजली?"

"कडी नाई. थाप. तीन थापा. मंग पुन्यांदा तीन." त्यांनी खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवलं. "कूलर चालूच होता. तरी आयकू आलं. मंग तुयी माय बोलली..."

"काय बोलली?"

"थेच. अवो, दार उघडा ना, केवढं ऊन हाये." बाबांचा आवाज इथे सपाट झाला. "साफ आवाज, रेखे. आधीचा. म्या इसरूनच गेलो का तिले बोलता येत नाई. इसरलो का थे अमरावतीले हाये. उठलो अन् कडी काढली."

"मग?"

"मंग काय? अंगनात ऊन. कोनी नाई. समोर सलीमभाई होता, त्यानं इचारलं, कोन आलं. म्या म्हटलं, हे आली ना." त्यांनी दाराकडे पाहिलं. "कवापासून इचार करून राहिलो, तू आता फोन करशील अन् सांगशील का तुयी माय गेली. म्हून दार लावलं नाई."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकताच चप्पल घालून निघाले, एक पायात एक हातात.

मी मागे राहून समोरच्या दुकानात गेले. सलीमभाई शिंपी आमच्या समोर तीस वर्षं आहेत. त्यांनाही आधी काही सांगितलं नाही. बाबांना आज दुपारी पाहिलं का, एवढंच विचारलं.

"पायलं ना. दार उघडून उभे, पायात चप्पल नाई. मी बोललो, बाबूजी, कोन आलं? तर मने, हे आली. मी बोललो, भाभी तर अमरावतीले हायेत ना? तर माह्याकडे असे पायले... मी चूपच बसलो."

"किती वाजता?"

"जोहरची, दुपारची नमाज पढून आलो मशिदीतून. दीडची जमात असते. शटर उघडलं, घडी पायली, कारण पावनेदोनले एक गिऱ्हाइक येनार होतं ब्लाउज घ्याले. दोन-तीन मिनटं बाकी होते पावनेदोनले." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून बेटा? भाभी खैरियत से ना?"

"आहे," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी गाडी अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. इंजिनिअर तरुण होता, नीट ऐकून घेणारा. त्याने कॉम्प्युटर जोडून गाडीतली नोंद काढली. ॲपमध्ये होतं तेच गाडीतही होतं. दार आपोआप उघडलं असतं तर नोंदीत तसं आलं असतं. मदत केंद्राने उघडलं असतं तर त्यांचं नाव आलं असतं. त्यांना मी मेलही केला होता – ओटीपी न मिळाल्याने विनंती बंद केली, असं उत्तर आलं. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या रिमोटने? त्याने मान हलवली. प्रत्येक चावीची सही वेगळी असते, म्हणाला, ही तुमच्याच चावीची आहे.

"चावी अकोल्याला होती," मी म्हटलं.

"नाही मॅडम. उघडताना गाडीपासून वीस-पंचवीस मीटरमध्ये असणार."

"तिच्यात सेल नव्हता."

"मग उघडलंच नसतं."

"पण उघडलं."

त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. "म्हणूनच म्हणतो मॅडम... चावी जवळच असणार."

याच्या पुढे आमचं संभाषण गेलं नाही. निघताना त्याने गाडीची बॅटरी तपासून दिली.

उन्हाने माझं डोकं ठिकाणावर नसेल, हे मी धरून चालते. पण नोंद माझ्या डोक्यात नाही, गाडीत आहे. बाबांनी नंतर रचून सांगितलं असेल? मी विचारेपर्यंत त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि थापा तीन-तीन होत्या हे तर मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. निव्वळ योगायोग? असेल. पण चाळीस किलोमीटरवरच्या घराची कडी काढल्याने गाडीचं लॉक उघडल्याचा योगायोग कुठल्या रकान्यात बसवायचा, ते मला कळत नाही. हीच कॉपी दुसऱ्या कोणाची असती तर मी काय शेरा मारला असता, तेही ठरवता येत नाही.

आईला एकदा विचारून पाहिलं. त्या दिवशी तू बाबांना हाक मारलीस का? ती म्हणाली, "हो." पण ती सगळ्यालाच हो म्हणते. मान हलली ती कोणत्या बाजूला हलली, हे मी नीट पाहिलं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण पुरावा म्हणून ते टिकणार नाही.

चावी आता माझ्याकडे असते. नवा सेल बाबांनीच घातला आणि अंगणात मला बटण दाबायला लावलं. कुंकवाची पापडी तुटली, गाडी उघडली. "पाय," ते म्हणाले, पण जिंकल्यासारखं नाही. फोन डॅशबोर्डवर ठेवणं मी बंद केलं आहे, आणि गाडीत एक टोकदार हातोडी असते. फिजिओथेरपी चालू आहे, फेऱ्याही चालू आहेत. मूर्तिजापूरच्या पुढे ती बाभूळ आली की आई एकदा काचेबाहेर पाहते. की मलाच तसं वाटतं?

जाता जाता आणखी एक. परवा सलीमभाईंचा फोन आला होता. म्हणाले, बाबूजींना जरा समजाव. आई अमरावतीला असते त्या तीन आठवड्यांत ते दुपारी दार उघडं टाकून झोपतात, गरम हवा सरळ आत येते, कूलरचा काही उपयोग होत नाही. मी बाबांना विचारलं, कडी का लावत नाही?

"राहू दे वं," ते म्हणाले. "पुन्यांदा उन्हात उभं राहा लागलं तिले तर?"